नळीच्या लांबीएवढं घर

एदेलमिराला धुराचं कधी वावडं नव्हतं. बोयाका प्रांताच्या डोंगरात, बटाट्याच्या शेतांमधल्या ज्या घरात ती जन्मली, त्या घराला धुराडंच नव्हतं. चूल पेटली की धूर आधी छपराला जाऊन टेकायचा, मग माणसांवर उतरायचा आणि दाराच्या फटीतून सवडीने बाहेर पडायचा. आई म्हणायची, धुराने डोळे स्वच्छ होतात. चालायला लागल्यावर थोड्याच दिवसांत फुंकणी एदेलमिराच्या हातात आली, ती तिथेच राहिली. पुढे लग्न करून ती बोगोताला आली. शहराच्या दक्षिणेला, उघड्याबोडक्या टेकडीवर, नवरा-बायकोनं विटेवर वीट ठेवत घर वर चढवलं. नवरा वीटभट्टीवर कामाला जाई आणि हिने कोपऱ्यावर लाकडाची शेगडी मांडली. दगडी तव्यावर आरेपा, म्हणजे मक्याच्या जाडजूड भाकऱ्या, आत ताजं चीज, दोन्ही बाजूंना खरपूस डाग. नवरा गेला. टेकडी घरांनी भरली. डोक्यावरून केबलगाडीचे लाल डबे तरंगत जाऊ लागले. कोपऱ्यावरचा धूर मात्र रोज पहाटे ठरल्या वेळी वर चढत राहिला.

गिऱ्हाईक कुणी का असेना, पोलीस, पाद्री, नाही तर कालच तुरुंगातून सुटलेला, ती सगळ्यांना गावच्या रीतीने 'सुमेर्से' म्हणायची. त्या एका शब्दात 'अहो'ही बसतं आणि 'माझ्या राजा'ही. तिला सगळे 'दोन्या' म्हणत, म्हणजे बाईसाहेब.

दम लागायला लागला तेव्हा तिने दोष टेकडीला दिला. "पूर्वी एवढा चढ नव्हता," ती म्हणायची. मग सकाळी उठल्याउठल्या डोकं ठणकायला लागलं. पाय असे सुजले की बूट चढेनात. ती नवऱ्याचे जुने बूट घालून कोपऱ्यावर जाऊ लागली. तिच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहणारी तिची मुलगी योलिमा गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला होती. एका रविवारी दुधातल्या अंड्याचं सूप समोर ठेवताना तिचं आईच्या तोंडाकडे लक्ष गेलं.

"आई, तुझे ओठ असे निळे का दिसताहेत?"

"थंडीने."

"मलाही थंडी वाजतेय. माझे कुठे झालेत?"

"तुझं रक्त तरुण आहे. गप जेव."

त्या पावसाळ्यात तिची छाती भरली, ताप चढला, आणि दोन वाक्यं बोलायलासुद्धा श्वास पुरेना. तेव्हा मात्र योलिमाने तिचं काही ऐकलं नाही. इस्पितळात तिला बरेच दिवस ठेवलं. ताप उतरला, कफ सुटला, आणि घरी सोडताना सोबत एक यंत्र दिलं: गुडघ्याएवढं, चाकांचं, विजेवर चालणारं, दिवसभर घुरघुरणारं. ते खोलीतलीच हवा ओढून घ्यायचं आणि तिच्यातला प्राणवायू वेगळा करून पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत लांब नळीने नाकात सोडायचं. वीज गेली तर असावा म्हणून उंच हिरवा सिलिंडरही आला, दोन चाकांच्या गाड्यावर उभा केलेला. शिवाय बाहेर जाताना खांद्याला अडकवायचा एक लहान.

"हे माझं नाही," एदेलमिरा पलंगावर बसून यंत्राकडे बघत म्हणाली.

"मग कुणाचं?"

"मरणाऱ्या माणसाचं. पलीकडच्या गल्लीतल्या हेर्मोहेनेसला लावलं होतं की. पंधरा दिवसांत आटोपला बिचारा."

"तो मरायला टेकला होता म्हणून लावलं होतं, आई. लावलं म्हणून नाही मेला."

"शिवाय याची सवय लागते म्हणे. दारूसारखी."

"मग मला आतापर्यंत लागली असेल. मी जन्मल्यापासून घेतेय."

एदेलमिराला हसू आलं आणि हसता हसता खोकला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी एक आशाही बरोबर दिली होती: आजारपणात लागतो तो प्राणवायू पुढे कायम लागतोच असं नाही. तीन महिने लावा, फुप्फुसं स्थिर होऊ द्या, मग पुन्हा रक्त तपासू. नको असेल तर काढून टाकू. तेवढं एक बोट धरून एदेलमिराने नळी कानांवर चढवली.

यंत्र आणून देणाऱ्या माणसाने जाताना दारावर चिकटपट्टी लावली: आग नको, सिगरेट नको, मेणबत्ती नको. प्राणवायू स्वतः पेटत नाही, पण ठिणगीला राक्षस करतो, असं तो म्हणाला. योलिमाने त्याच आठवड्यात गॅसची शेगडी विकली आणि विजेची आणली. जन्मभर जाळापुढे बसलेल्या बाईच्या घरात आता काडेपेटीसुद्धा उरली नाही.

नळी लांब होती, असं सगळे म्हणत. एदेलमिराला ती कुठपर्यंत पोचते ते लवकरच पाठ झालं. पलंग, टेबल, मोरी, संडास. स्वयंपाकाचा ओटा जेमतेम. पुढच्या गच्चीच्या उंबऱ्याशी मात्र नळी ताठ व्हायची आणि मागून कुणीतरी दोन्ही कान धरून ओढावं तशी तिला थांबवायची. त्या उंबऱ्यावर उभं राहिलं की खाली फक्त शेजारच्या घरांचे पत्रे दिसत. कोपरा दिसत नसे. त्यासाठी आणखी चार पावलं लागत. नळी काढून ती तेवढी गेली की धाप लागायची, आणि मागे यंत्र घुरघुरत आपल्या मालकिणीची वाट बघत बसायचं.

दिवसभर केबलगाडीचे डबे जात. घर टेकडीवर असल्यामुळे ते तिच्या खिडकीच्या समोरून, जवळजवळ बरोबरीच्या उंचीने सरकत. डब्यात बसलेली माणसं घरात बघत. पहिल्या काही दिवसांत ती डबा दिसला की झटकन नळी काढून लपवायची. दाराशी कुणी आलं तरी तेच. मग बोलता बोलता ओठ निळे पडत आणि पाहुणाच घाबरून म्हणे, "दोन्या एदेलमिरा, मी निघतो, सुमेर्से ती नळी लावा."

कोपरा रिकामा राहणार नव्हताच. ब्लांका निएवेस नावाच्या एका बाईने तिथे तिच्याच दगडांवर शेगडी मांडली. पहाटे तो धूर वर यायचा. त्याने एदेलमिराला खोकला यायचा, आणि तरी ती खिडकी लावू देत नसे.

"ओली लाकडं घालतेय," ती उशीवरून म्हणायची. "निलगिरीचं ओलं लाकूड. तवा काळा होईल तिचा."

"आई, खिडकी लावते."

"राहू दे. पीठ पण सैल झालंय तिचं. वासावरून कळतं."

तळमजल्यावर आनानियास राहायचे. म्हातारे, बसवर चालक म्हणून जन्म घालवलेले, सिगरेटचे भक्त. जिना चढून वर येताना तेही मधल्या वळणावर थांबत आणि भात्यासारखे धपापत.

"हा काय न्याय आहे, दोन्या एदेलमिरा?" दारात टेकून ते म्हणायचे. "दम मला जास्त लागतो आणि मशीन तुम्हाला. माझी ओळख कमी पडली म्हणायची."

"घेऊन जा की. आत्ता न्या."

"नको. त्याला लायटर चालत नाही म्हणे. आम्हा दोघांचं पटायचं नाही."

तीन महिने झाले. योलिमाला कारखान्यातून सुटी मिळेना म्हणून तपासणीला आनानियास बरोबर गेले. लहान सिलिंडर खांद्याला अडकवून दोघं जिना उतरली, ती बसत उठत, आणि केबलगाडीत बसली. डबा आपल्याच खिडकीसमोरून निघाला तेव्हा एदेलमिराने पहिल्यांदा वाकून बघितलं. पत्र्यांच्या मधल्या फटीत तिचा कोपरा होता, धूर होता. तिने क्रुसाची खूण केली.

फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाई मोन्कायो तरुण होत्या, आणि तोंडभरून बोलायची त्यांना सवय होती. त्यांनी आधी नळी काढून एदेलमिराला शांत बसवून ठेवलं, मग मनगटाच्या आतल्या धमनीत सुई घालून रक्त घेतलं. ते रक्त येताना एदेलमिराने डोळे मिटले. तिच्या मनात एकच विचार होता: आज सुटले तर उद्या पीठ भिजवायचं.

कागद आला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला आणि खुर्ची जवळ ओढली.

"दोन्या एदेलमिरा, अजून कमीच आहे."

"पण मला बरं वाटतंय."

"वाटत असेल. शरीर कमी प्राणवायूची सवय करून घेतं. पण हृदयाला सवय होत नाही, त्याला जास्त जोर लावून रक्त ढकलावं लागतं. म्हणून पाय सुजतात. हा प्राणवायू तुमची धाप घालवायला देत नाही मी. धाप राहील थोडीफार. हा तुमच्या हृदयासाठी आहे."

"किती दिवस?"

"रोज. झोपेत तर हवाच, आणि दिवसाचाही बराच वेळ. दिवस-रात्र मिळून पंधरा तासांच्या खाली नको. आणि मशीनवरची ती प्राणवायू कमी-जास्त करायची चकती स्वतःहून फिरवू नका. जास्त म्हणजे चांगलं असं नसतं. जास्त झाला तर गुंगी येईल."

"रोज म्हणजे कधीपर्यंत, ते विचारतेय मी."

"कायम."

आनानियास खोकले. मग त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलं. "माझंही बघा की, डॉक्टर. मी यांच्यापेक्षा जास्त धापा टाकतो."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. "तुमच्या रक्तात प्राणवायू पुरेसा आहे. तुम्हाला धाप लागते ती श्वासाच्या नळ्या आकसल्यामुळे. तुम्हाला मशीन नको, श्वासातून ओढायचं औषध हवं. आणि खिशातलं ते पाकीट इथे टेबलावर ठेवा."

आनानियासनी पाकीट ठेवलं. जाताना ते हळूच उचलून परत खिशात घातलं.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती एदेलमिराने त्या दिवशी कानाआड केली. म्हणाल्या, बोगोता फार उंच आहे आणि तुमची वस्ती त्याहून उंच. इथली हवाच विरळ. खाली, उष्ण मुलखात राहिलात तर कदाचित दिवसा नळीची गरजच पडणार नाही.

घरी आल्यावर एदेलमिरा नळी लावून भिंतीकडे तोंड करून झोपली. योलिमा आली, तिला हलवून म्हणाली, "आई, जेव." ती म्हणाली, "कायम म्हणाली ती बाई." आणि पुन्हा भिंतीकडे वळली. पुढचे कित्येक दिवस ती कमी बोलली. कमी जेवली. गुळाचं गरम पाणी तेवढं घ्यायची. यंत्राची घुरघुर तिच्या झोपेत शिरली होती. स्वप्नात ती मोठ्या मांजरापाशी झोपलेली असायची, आणि ते मांजर तिच्या छातीवरून उठतच नसायचं.

मग एके सकाळी ती उठली. योलिमा कामाला गेल्यावर तिने केस विंचरले, लोकरीचा जाड रुआना अंगावर ओढला, लहान सिलिंडर खांद्याला लावला आणि जिना उतरली. एकेक पायरी, बसत. ब्लांका निएवेस तिला बघून उठून उभी राहिली. काही झालं तरी कोपरा हिचा होता.

"बसा, दोन्या."

"तवा थंड आहे सुमेर्सेचा," एदेलमिरा म्हणाली. "बाजूला व्हा जरा."

ती शेगडीपुढे गुडघ्यांवर बसली. लाकडं सारखी केली, आणि पन्नासएक वर्षं जे केलं तेच केलं: वाकून निखाऱ्यांवर फुंकर घातली. नाकात नळी होती. ती तिला आठवलीच नाही. कुणाला आठवली नाही.

एक ठिणगी उडाली. नळीचं टोक फुस्सकन पेटलं, तिच्या गालापाशी निळसर जाळ लवलवला. ब्लांका निएवेसने किंचाळत पुढे येऊन नळी हिसकून काढली आणि बुटाखाली चिरडली, आणि आनानियास कुठूनसे धावत आले आणि त्यांनी सिलिंडरची किल्ली फिरवली. गाल भाजला, एका बाजूची भुवई गेली, नाकाखाली फोड आला. एवढ्यावर निभावलं.

योलिमा संध्याकाळी आली. तिने आरडाओरडा केला नाही. मलम लावलं, गाल झाकला, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी जाळीच्या दाराला तिने मोठं कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

"हे काय?" एदेलमिरा आतून म्हणाली.

"कुलूप."

"ते दिसतंय. मी काय चोर आहे?"

"तू जाळाशी गेलीस, आई. नळी नाकात घालून जाळाशी गेलीस!" योलिमा जाळीला धरून म्हणाली. "मी दिवसभर मशीनवर बसते आणि प्रत्येक टाक्याला मला वाटतं, आता फोन येईल. आता येईल. मी नाही जगू शकत अशी."

"आणि मी?"

योलिमा वळली. जिना उतरताना तिची पावलं बराच वेळ ऐकू आली.

असे दिवस जाऊ लागले. जाळीच्या पलीकडे जिना, जिन्याच्या पलीकडे गल्ली, आणि एदेलमिरा नळीच्या टोकाला. नळी पोचत होती तिथवरही जायला आता काही अर्थ नव्हता. आनानियास येऊन जाळीबाहेर पायरीवर बसत आणि गावगप्पा सांगत. तुरुंगात भेटायला आल्यासारखं वाटतं, असं ते एकदा म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

त्या दुपारी आभाळ खाली उतरलं होतं. गारा पडून गेल्या होत्या. एदेलमिरा टेबलाशी बसून मक्याचे दाणे निवडत होती, उगाच, हाताला काही हवं म्हणून. दिवा गेला. यंत्राने एक लांबलचक शिट्टी मारली आणि ते गप्प झालं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा घरात शांतता पसरली, आणि त्या शांततेत तिला आपला श्वास ऐकू आला.

काय करायचं ते तिला सांगून ठेवलं होतं. नळी काढायची, हिरव्या सिलिंडरला जोडायची, वरची किल्ली फिरवायची. ती गेली, नळी जोडली, किल्ली धरली. किल्ली हलेना. बसवणाऱ्याने घट्ट केली होती, का योलिमाने, कोण जाणे. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. छातीत काहीतरी आवळलं गेलं, डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचले. ती सिलिंडरला टेकून उभी राहिली. ओरडावं म्हटलं तर ओरडायला श्वास लागतो.

मग तिने इस्पितळात शिकवलेलं आठवलं: घाबरायचं नाही, नाकाने घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, मेणबत्ती विझू न देता तिच्यावर फुंकर घालावी तसा. तिने तसं केलं. थोडा वेळ थांबली. मग पातेल्याचं झाकण घेतलं, जाळीच्या दारापाशी गेली आणि लोखंडावर आपटलं. आपटलं, थांबली, परत आपटलं.

खालून आवाज आला, "कोण मेलं?"

"अजून कुणी नाही," ती म्हणाली, पण ते तिचं तिलाच ऐकू आलं.

आनानियास वर आले. मधल्या वळणावर थांबले, धपापले, परत निघाले. ओठांत सिगरेट होती. एदेलमिराने तिच्याकडे नुसतं बोट दाखवलं. त्यांनी ती जिन्यावरच चिरडली. कुलूप बघितलं, हलवलं, योलिमाला फोन लावला. कारखान्यात फोन कपाटात ठेवतात, वाजत राहिला. फोडायला हत्यार आणायचं तर खाली जाऊन परत चढायचं, तेवढा वेळ नव्हता. तिचे ओठ जांभळे होत चालले होते.

"सिलिंडर," ते म्हणाले. "त्याला चाकं आहेत ना? इकडे आणा. हळू. घाई नाही."

घाई होती, ती दोघांनाही दिसत होती. एदेलमिरा परत आत गेली. गाडा धरला, तिरका केला, ओढला. फरशीच्या कडेला चाक अडकलं. तिने श्वास सोडला, सोडत राहिली, मग पुन्हा ओढला. एकदा गुडघ्यांवर बसली आणि आनानियास जाळीतून ओरडले, "दोन्या! बसायचं नाही! मला शिव्या द्या, पण उठा!"

"गाढवा," ती म्हणाली आणि उठली.

सिलिंडर जाळीला टेकला. आनानियासनी दोन्ही हात कोपरापर्यंत गजांतून आत घातले आणि किल्ली धरली. त्यांचा चेहरा लाल झाला, कपाळावरची शीर फुगली. किल्ली करकरली आणि फिरली. नळीतून फुसफुस आवाज आला. एदेलमिराने ती नाकाला लावली आणि जाळीला पाठ टेकून फरशीवर बसली. पलीकडे आनानियास पायरीवर बसले. दोघंही धापा टाकत होती.

वीज आली तरी ते गेले नाहीत. योलिमा आली तेव्हा जाळीच्या दोन बाजूंना दोन म्हातारी माणसं तशीच बसलेली तिला दिसली.

"कोंबडीलासुद्धा असं दिवसभर कोंडत नाहीत, पोरी," आनानियास म्हणाले. एवढंच. मग ते खाली गेले.

योलिमाने कुलूप उघडलं आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती रडली. एदेलमिरा तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. तिला राग आला होता, पण तो बाहेर काढायला त्या दिवशी शक्ती नव्हती.

कुलूप गेलं. पण त्यानंतर योलिमाला झोप लागेना, आणि शेवटी तिने आनानियासकडून कळलेली डॉक्टरीणबाईंची ती खाली, उष्ण मुलखात राहायची गोष्ट बाहेर काढली. एदेलमिराची धाकटी बहीण फिदेलिना खाली, माग्दालेना नदीच्या काठी राहायची. "काही महिने जाऊन तर बघ," योलिमा म्हणाली. एदेलमिराला नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

खाली गेल्यावर डॉक्टरीणबाईंचं बोलणं अक्षरशः खरं झालं. हवा जाड होती, गरम, ओल्या फडक्यासारखी, पण ती छातीत उतरत होती. नखांना रंग आला. तिथल्या दवाखान्यात तपासलं आणि सांगितलं: दिवसा बसलेल्या असताना नको, झोपताना तेवढा घ्या. एदेलमिरा नळीशिवाय अंगणात गेली. नळीशिवाय रस्ता ओलांडला. एका संध्याकाळी पार नदीपर्यंत चालत गेली, थांबत थांबत, आणि काठावर उभी राहिली.

तिथे उभं राहून तिला कळेना, आता पुढे काय करायचं.

फिदेलिना तिला काडी उचलू देत नसे. "तू बस ताई. पाहुणी तू." रोज मासे असत, तळलेलं कच्चं केळं असे, एदेलमिरा डोंगरातली, तिला माशाचा वास सोसत नसे. घामाने उशी भिजायची. बहिणीच्या शेजारणी भल्या होत्या, पण त्यांना ती फक्त 'वरून आलेली आजारी बहीण' होती. कोपऱ्यावर उभं राहून तिला कुणी "दोन्या, दोन चीजवाल्या" म्हटलं नाही. दारं सगळी उघडी होती, आणि ती पंख्यापुढे झुलत्या खाटेवर पडून छताकडे बघायची. वरच्या घरात निदान भिंती तिने बांधलेल्या होत्या.

योलिमाचा फोन यायचा. "कशी आहेस?" "मस्त. तू?" "मस्त." दोघी खोटं बोलायच्या. एकदा आनानियासनी फोन घेतला. म्हणाले, "दोन्या, तुम्ही नाही तर जिना चढायला कारण राहिलं नाही. पाय आखडलेत माझे. औषध ओढतो मात्र, देवाशपथ. सिगरेट निम्मी केली."

पुढच्या तपासणीला एदेलमिराने तिथल्या डॉक्टरला विचारलं, परत वर गेले तर? त्याने सरळ सांगितलं: नळी परत लागेल, दिवसाही. तिथे हृदयावर जास्त ताण पडेल. वर्षं कदाचित कमी मिळतील.

"इथे श्वास येतो हो, डॉक्टर," ती म्हणाली. "पण तो घ्यायचा कशासाठी तेच कळत नाही."

योलिमा न्यायला आली तेव्हा एदेलमिराने बसथांब्यावरच अट घातली. "कुलूप नाही."

"नाही."

"मी जाळाशी जाणार नाही. मेल्या नवऱ्याची शपथ. पण ते माझ्या मनाने. तुझ्या किल्लीने नाही."

योलिमाने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, ती गेली नव्हती. एदेलमिराने ती बघितली आणि पिशवी उचलली.

बस चढू लागली. केळीची झाडं मागे पडली, मग कॉफीचे मळे आले, मग धुकं. कानांत दडे बसले. लहान सिलिंडर पायांशी होता. योलिमा डोळे मिटून बसली होती, झोपली नव्हती. आईच्या हातांकडे पापण्यांतून बघत होती. एका वळणावर एदेलमिराने स्वतःची नखं बघितली. मग पिशवीतून नळी काढली, कानांवर चढवली, नाकाशी नीट केली आणि किल्ली फिरवली. कुणी सांगितलं नव्हतं.

पलीकडच्या बाईने कळवळून विचारलं, "बोगोताला इस्पितळात नेताहेत का सुमेर्सेला?"

"नाही," एदेलमिरा म्हणाली. "घरी चाललेय."

ती आणखी काही वर्षं जगली. सकाळी टेबलाशी बसून घमेल्यात पीठ मळायची, ते ब्लांका निएवेस खाली नेऊन भाजायची, आणि भाजणं बिघडलं म्हणून रोज वरून शिव्या खायची. दार उघडं असे. तरी धुक्याचे असे दिवस येत, की गच्चीच्या उंबऱ्याशी नळी कान ओढायची आणि एदेलमिराचा पारा चढायचा. ती नळी ओरबाडून काढायची आणि फरशीवर आपटायची. चार पावलं पुढे जाऊन कठड्याला धरून उभी राहायची, खाली कोपरा बघायची. ओठ निळे पडू लागले की परत यायची, वाकायची, धापा टाकत स्वतःच ती उचलायची, पदराने पुसल्यासारखी रुआन्याच्या टोकाने पुसायची आणि कानांवर चढवायची.